फासा आणि कॅमेरा

भोकरदनच्या पांढरीत १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन मातीखालून वर आलं. मणी निघाले, शंखाच्या वस्तू निघाल्या, भाजक्या मातीच्या मूर्ती निघाल्या आणि हस्तिदंतात कोरलेली एक भग्न स्त्रीमूर्तीही निघाली. ती पाहून अभ्यासकांना इटलीतल्या मूर्तीची आठवण झाली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली अशीच एक भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्री सापडली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोघींची घडण इतकी जवळची की पॉम्पेईची मूर्तीसुद्धा भोकरदनच्या किंवा तेरच्या बाजूच्या कारागिरांच्या हातची असावी, असं मत पुढे आलं. भरहुत आणि सांचीच्या शिलालेखांतही भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. म्हणजे हे गाव तेव्हा चांगलंच नावारूपाला आलेलं होतं.

मूर्तीच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिचा प्रवास अस्वस्थ करतो. हत्ती कुठल्या तरी दूरच्या रानात पडला असणार. त्याचा दात व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर फिरत कारागिरापर्यंत आला असणार. मग तो घाट उतरून बंदरावर गेला आणि समुद्र ओलांडून एका रोमन घरात शोभेला बसला. मारणारा, कोरणारा, विकणारा आणि मिरवणारा हे चौघे एकमेकांना कधी भेटलेही नसतील. वन्यजीवांच्या व्यापाराची ही रचना दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. वाघाचं कातडं, खवल्या मांजराचे खवले, गेंड्याचं शिंग, शार्कचे पर, कशाचीही साखळी उलगडली की चार अनोळखी माणसं चार टोकांना उभी दिसतात.

चोरट्या शिकारीवरचा चांगला माहितीपट या चौघांना एका पडद्यावर आणतो. त्याची खरी ताकद तीच आहे, आणि ती ताकद कुणासमोर वापरली जाते हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. हा प्रश्न मला पडतो तो भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात.

जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनला जाताना वाटेत केदारखेडा लागतं. गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खरिपात कापूस, मका, सोयाबीन आणि रब्बीत ज्वारी, गहू, हरभरा. राज्यात ज्या जिल्ह्यांत वनक्षेत्र सगळ्यांत कमी आहे, त्यांत जालना येतो. इथे कुणी जंगल सफारीला येत नाही. पण जंगल नाही म्हणून जनावरं नाहीत असं नाही. रोह्यांचे कळप आहेत, हरणं आहेत, रानडुकरं तर आहेतच. कोल्हे, ससे, मोर, तितर, लावे आहेत. शेताचे बांध, गायरानं, नदीकाठची झुडपं आणि पडीक जमिनी हेच त्यांचं रान. आणि जिथे जनावर आहे तिथे फासा आहे, वाघर आहे, रात्रीची बॅटरी आहे आणि कुंपणात सोडलेला करंटही आहे. ही गोष्ट एकट्या केदारखेड्याची नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही माळाची ती आहे.

इथल्या तरुणाच्या मोबाइलवर ताडोब्याची वाघीण रोज येते. आफ्रिकेतला शिंग कापलेला गेंडाही येतो. त्याच्या बांधावरच्या रोह्याची फिल्म मात्र कधी येत नाही.

*

माहितीपटाने कायदा बदलल्याचं आपल्याकडचं सर्वांत ठसठशीत उदाहरण सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं आहे. माइक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ ही फिल्म पूर्ण केली. विषय होता देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क. जगातला सर्वांत मोठा मासा, आणि माणसाला काहीही न करणारा. त्याच्या यकृतातलं तेल लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडत. त्यासाठी थोडीफार शिकार आधीपासून होतीच. पण नव्वदच्या दशकात परदेशात त्याच्या मांसाला आणि परांना गिऱ्हाईक मिळालं आणि वेरावळच्या बाजूला कत्तल वाढली. मोठा आकडा माशाच्या अंगात रुतवायचा, दोराला रिकामी पिंपं बांधायची, मासा दमेपर्यंत पिंपं ओढत राहतो, मग त्याला किनाऱ्याला आणायचं. अजून धुगधुगी असलेला तो अजस्र जीव वाळूत कापला जातानाची दृश्यं पांडे यांच्या कॅमेऱ्याने टिपली.

मासा समुद्रातला, मारणारे गरीब कोळी, खाणारे परदेशात. भारतातल्या शहरी माणसाला या प्राण्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. फिल्म सरकारदरबारी पोचली आणि २००१ च्या मे महिन्यात देवमुशीचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. वाघाला जे संरक्षण, तेच एका माशाला मिळालं. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारातही तिला जागा मिळाली. फिल्मला ब्रिटनचा वाइल्डस्क्रीन पुरस्कार मिळाला. लोक त्याला हरित ऑस्कर म्हणतात. पांडे यांना तो याआधीही, सरगुजातल्या रानटी हत्तींवरच्या फिल्मसाठी, १९९४ मध्ये मिळाला होता.

या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. कायद्याने शिकार गुन्हा ठरली, पण देवमुशी जाळ्यात अडकायची थांबली नाही. कोळ्यापुढे दोनच वाटा होत्या. जाळं कापून मासा सोडायचा आणि हजारो रुपयांचं नुकसान सोसायचं, नाहीतर गुपचूप मारायचा. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरात वनविभागाने किनाऱ्यावर मोहीम काढली. मोरारी बापू तिचा चेहरा झाले. देवमुशी ही लेक आहे, बाळंतपणाला माहेरी येते, असं त्यांनी कोळ्यांना सांगितलं. माशाला नाव पडलं ‘व्हाली’, लाडकी. जाळं कापणाऱ्याला सरकारने भरपाई देऊ केली, आणि जाळं खरोखर कापलं हे दाखवायला कोळ्यांच्याच हाती कॅमेरे दिले. मासा सोडताना फोटो काढा, तो दाखवा, पैसे घ्या. ज्या हाताने पिंपं बांधली त्याच हाताने आता सुटकेचं चित्रण होऊ लागलं. शेकडो देवमुशी अशा परत समुद्रात गेल्या.

महाराष्ट्राने हा धडा उचलला. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने योजना आणली. जाळ्यात सापडलेलं कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी यांसारखा संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कांदळवन कक्षाकडे अर्ज करायचा आणि पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ जोडायचा. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत होडीवरच्या पोरांनी मोबाइलवर काढलेले असे व्हिडिओ आता पुष्कळ आहेत. हलत्या होडीवरचे, आवाजात वारा आणि आरडाओरडा भरलेले, एक-दोन मिनिटांचे. कुठल्याही महोत्सवात ते दाखवले जाणार नाहीत. वन्यजीव माहितीपटांचा इतिहास लिहिला, तर त्यात एक प्रकरण मी या व्हिडिओंना देईन.

*

दुसरं उदाहरण नागालँडचं. त्यात एक मराठी माणूस आहे म्हणून ते जवळचं वाटतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये पक्षी अभ्यासक शशांक दळवी, ‘कन्झर्व्हेशन इंडिया’चे रामकी श्रीनिवासन, नागालँडचे रोकोहेबी कुओत्सु आणि पत्रकार बानो हरालू असे चौघे वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयावर पोचले. तिथे अमूर ससाणे प्रचंड संख्येने उतरतात. हा कबुतराएवढा शिकारी पक्षी उत्तर चीन आणि सैबेरियाच्या बाजूने निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो, आणि वाटेत दोयांगला वाळवी खाऊन अंगात चरबी साठवतो. रात्री थव्याने झाडांवर उतरताना तो मासेमारीच्या जाळ्यांत अडकायचा. जिवंत पक्षी कोंबून ठेवायचे, सोलायचे, धुरावर वाळवायचे आणि विकायचे. रोज १२ ते १४ हजार पक्षी मारले जात असावेत, असा या चमूचा अंदाज होता.

त्यांनी काढलेली छोटी फिल्म जगभर पाहिली गेली आणि सरकार हललं. पण फक्त ओरड झाली असती तर पुढच्या वर्षी जाळी दोन डोंगर पलीकडे लागली असती. तसं झालं नाही, कारण बानो हरालू आणि सहकारी तिथेच राहिले. पंगती, आशा आणि सुंगरो या गावांच्या ग्रामपरिषदांशी, चर्चशी, जाळी लावणाऱ्यांशी बोलले. धरणात शेतं गेलेली ही गावं होती. त्यांची अडचण ऐकून घेतली गेली. २०१३ च्या हंगामात दोयांगवर जाळी लागली नाहीत. त्याच नोव्हेंबरमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली गेली आणि त्यातल्या एकाचं नाव ठेवलं पंगती. कालपर्यंत ज्या गावाची बदनामी झाली होती, त्याचं नाव घेऊन पक्षी आफ्रिकेला गेला. सेसिनो योशू या नागा दिग्दर्शिकेने पुढे ‘द पंगती स्टोरी’ ही फिल्म केली, तेव्हा गोष्ट सांगणारा आवाज तिथल्याच मातीतला होता.

नागालँडहून निघालेले हे ससाणे भारतीय द्वीपकल्प आडवं ओलांडतात आणि मग अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियाकडे झेपावतात. नोव्हेंबरात आपल्याकडे हरभऱ्याच्या पेरण्या चाललेल्या असतात, तेव्हा त्यांतले कितीतरी महाराष्ट्राच्या आकाशातून गेलेले असतात.

तिसरं उदाहरण म्हणजे माहितीपटकार शेखर दत्तात्री यांची कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या खाणीवरची जेमतेम १२ मिनिटांची फिल्म. न्यायालयातल्या लढ्याला तिचा आधार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ अखेर खाण बंद करायला लावली. त्यांचीच २०१० ची ‘द ट्रुथ अबाउट टायगर्स’ ही वाघ कसा संपतो आणि कसा वाचवता येतो हे सरळ सांगणारी फिल्म. हे असं काम मला फार आवडतं. त्यात संगीताचा पूर नसतो, निवेदक गहिवरत नाही, आणि फिल्म संपल्यावर पाहणाऱ्याला आपण काय करायचं ते कळलेलं असतं.

*

आता वाघाकडे येतो. महाराष्ट्राने चोरट्या शिकारीचा मोठा धक्का २०१३ मध्ये मेळघाटात अनुभवला. मध्य प्रदेशातल्या कटनीकडच्या बहेलिया टोळ्या लोखंडी जबड्यांचे सापळे घेऊन आल्या आणि वाघ मारून कातडी-हाडं दिल्लीच्या व्यापाऱ्यांकडे गेली. वनविभागाने मेळघाटात सायबर कक्ष उभा केला, मोबाइलच्या नोंदी जुळवल्या, टोळ्या पकडल्या आणि न्यायालयातून शिक्षा घडवून आणल्या. हा तपास म्हणजे तयार पटकथा आहे. २०२५ च्या जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात पुन्हा अशाच आंतरराज्य टोळीचं प्रकरण उघडकीला आलं. म्हणजे ती पटकथा अजून संपलेली नाही.

पण महाराष्ट्रातला वाघ फक्त टोळीच्या सापळ्यात मरत नाही. नागझिऱ्यात जन्मलेला आणि उमरेड-कऱ्हांडल्यात नावाजलेला ‘जय’ २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाला दिसला नाही. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ शेताच्या कुंपणातल्या विजेने मेला आणि त्याला पुरून टाकलेलं आढळलं. वाघाला मारायचं कुणाच्या मनात नव्हतं, तार रानडुकरासाठी होती. अशा मृत्यूवर फिल्म करणं अवघड असतं, कारण खलनायक सापडत नाही. कॅमेरा ज्याच्याकडे वळेल तो कर्ज काढून मका पेरलेला माणूस असतो.

आणि ही तार जंगलालगतच्याच शेतांत असते असं नाही. जून २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. तेलंगण आणि महाराष्ट्रातले सात जिल्हे पालथे घालत, अजिंठ्याच्या डोंगरांपर्यंत फिरून, तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. नऊ महिन्यांत त्याच्या सुमारे पाच हजार ठिकाणांची नोंद झाली आणि एकूण चाल भरली तीन हजार किलोमीटरच्या वर. भारतात नोंदवला गेलेला वाघाचा हा सर्वांत लांबचा प्रवास. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ कन्नडच्या गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला, कित्येक दशकांनंतरचा तिथला पहिला. हे दोघे काही जंगलातून जंगलात चालत आले नाहीत. दिवसा कापसात, तुरीत, नाल्यात बसायचं आणि रात्री चालायचं, असं करत ते आले. म्हणजे वाघ वाचवायचा असेल तर केदारखेड्यासारख्या गावांच्या बांधावर रात्री काय लावलेलं असतं, हे बघावंच लागेल. ताडोब्याच्या तळ्याकाठी कितीही कॅमेरे उभे केले तरी ते तिथून दिसणार नाही.

*

शिकारी कोण, या प्रश्नावर बहुतेक फिल्म घाई करतात. चेहरा धूसर केलेला, बेड्या घातलेला, गुडघ्यांवर बसवलेला माणूस दाखवला की काम झालं. महाराष्ट्रात तो माणूस पुष्कळदा फासेपारधी असतो किंवा तसं गृहीत धरलं जातं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या जन्मावरच गुन्ह्याचा शिक्का मारला आणि १९५२ मध्ये ज्यांना विमुक्त म्हटलं गेलं, त्या लोकांवर कॅमेरा रोखताना जास्त जबाबदारीने वागायला हवं. हरणाजवळ पोचण्यासाठी शिकवलेल्या गायीच्या आड चालणारा, तितराला हुबेहूब साद घालणारा, मातीवरच्या खुरावरून जनावर कधी गेलं ते सांगणारा हा माणूस ज्ञानी आहे. पोटासाठी तो गुन्हा करतो तेव्हा कायद्याने त्याला अडवलंच पाहिजे. पण बेकायदा मांस विकत घेणारा आणि बंदुकीच्या हौसेने रात्री गाडी घेऊन माळावर फिरणारा फिल्ममध्ये येत नाही, आणि पाल ठोकून राहणारा तेवढा येतो, हे मला मान्य नाही. मध्य प्रदेशात पन्नाचे सगळे वाघ २००९ पर्यंत संपले होते. तिथेच पुढे मुंबईच्या लास्ट वाइल्डरनेस फाउंडेशनने पारधी तरुणांना वाटाडे केलं. पर्यटक पैसे देऊन त्यांच्याबरोबर जंगल बघायला चालतात. हाच ज्ञानाचा साठा आपल्या माळांवरही आहे.

मार्च २०२५ मध्ये बीडच्या शिरूर कासार तालुक्यातलं हरणांच्या शिकारीचं प्रकरण राज्यभर गाजलं. झडतीत शिकारीची जाळी सापडल्याच्या बातम्या आल्या आणि मराठवाड्याच्या माळावर हरणं मारली जातात हे मुंबईच्या वाहिन्यांना तेव्हा कळलं. त्याच तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हे जखमी वन्यप्राण्यांचं केंद्र सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे कितीतरी वर्षं चालवत आहेत. तिथे उपचाराला येणाऱ्या जनावरांच्या नोंदी म्हणजे माळावर काय चाललं आहे याची वहीच म्हणायची. बातमी आठवडाभर टिकली. माहितीपट असता तर राहिला असता.

मराठीत निसर्गाचं लेखन समृद्ध आहे. मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले, तेव्हा खेडोपाडी वाचणारे लोक हळहळले. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिरा घराघरांत नेला. बिबट्यावर मराठीत ‘आजोबा’ हा चित्रपट झाला, तोही विद्या अत्रेय यांच्या संशोधनातल्या खऱ्या बिबट्यावरून. माळशेजच्या घाटात सोडलेला तो नर २००९ मध्ये चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला होता. किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवाने पर्यावरणाच्या फिल्म पुण्याबाहेर जिल्ह्यांच्या गावी नेल्या, हे मोठंच काम. पण मराठी बोलणारा, मराठी माळावरचा, शिकारीची साखळी शेतापासून ताटापर्यंत दाखवणारा माहितीपट आपल्याकडे रुजला नाही. गवताळ माळ सरकारी कागदावर पडीक म्हणून लिहिला गेला आणि कॅमेऱ्यानेही तसंच धरलं. नान्नजचा माळढोक आपल्या डोळ्यांदेखत जवळपास सरला. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर तीन ते सात वर्षांचा कारावास आहे, हे किती गावांत कुणी पडद्यावर सांगितलं?

केदारखेड्यात फिल्म करायची तर ती नोव्हेंबरात सुरू करावी. हरभरा उगवतो आणि रोही उतरतात. रात्रभर शेतात जागणारं कुटुंब आधी दाखवावं, त्यांचं नुकसान, पंचनाम्याची वाट पाहणं, हातात पडलेली रक्कम, सगळं. परवानगीने रोही आणि डुक्कर मारण्याची तरतूद राज्याने केली आहे. ती प्रत्यक्षात कशी चालते ते दाखवावं. मग तार दाखवावी. आकडा कुठून टाकला जातो, त्यात डुकराशिवाय काय काय मरतं, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही कसा मरू शकतो. अनेक गावं एकट्याने सांभाळणारा वनरक्षक, फासा ओळखणारा पारधी म्हातारा, गावठी कोंबडीच्या नावाने तितर मागणारं गिऱ्हाईक, सगळे आपापल्या भाषेत बोलू द्यावेत. चित्रण गावातल्याच दोन-तीन पोरापोरींनी करावं. त्यांच्याकडे फोन आहेत आणि हात चांगले बसलेले आहेत. संकलन शिकवायला जालन्याहून किंवा संभाजीनगरहून कुणी आलं तर पुरे.

पहिला खेळ जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात, सुगी आटोपल्यावर, रात्री. ज्याचं पीक गेलं तो, तार लावणारा, मांस विकणारा आणि खाणारा असे सगळे एकाच सतरंजीवर बसलेले असतील. फिल्म संपली की उठून जाऊ नये म्हणून चहा ठेवावा. वनरक्षक, कृषी सहायक आणि विजेचा लाइनमन तिथेच बसलेले हवेत. टेबलावर नुकसानभरपाईचे कोरे अर्ज आणि ते भरून देणारं एक माणूस हवं, आणि पडद्यावर शेवटपर्यंत वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक. पुण्या-मुंबईचे महोत्सव त्यानंतर. आधी राजूर, मग भोकरदन, मग जाफराबाद आणि सिल्लोड, ज्या ज्या गावात रोही उतरतात तिथे.